हिवाळ्यात वीज गेली तेव्हा: एका घरातील एकेचाळीस तासांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील कुटुंब पाच जणांचे आहे: एकोणऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत; घटनांचा क्रम आणि तापमानाच्या नोंदी मात्र त्यांनी दिल्या तशाच ठेवल्या आहेत. या नोंदींचे श्रेय मुख्यतः नातीचे. बैठकीच्या खोलीतील सेलवर चालणाऱ्या घड्याळात खोलीचे तापमान दिसत असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने तो आकडा वहीत उतरवायला सुरुवात केली. पहिल्या रात्रीचे दोन आकडे तिच्या आईला आठवत होते. पुढे काय चुकले आणि काय साधले हे समजून घेण्यासाठी ही वही फार उपयोगी ठरली.

घर दुमजली आणि मध्यम आकाराचे आहे. ते गॅसवर चालणाऱ्या बॉयलरमधून रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या गरम पाण्याने तापवले जाते. गॅसचा पुरवठा विजेवर अवलंबून नाही, म्हणून वीज गेली तरी घर गरम राहील, असा कुटुंबाचा अनेक वर्षांचा समज होता. गॅस जळतो हे खरे. परंतु बर्नर पेटवणारी ठिणगी, धूर बाहेर ढकलणारा पंखा, पाणी फिरवणारा पंप आणि घराचे तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट हे सारे विजेवरच चालते. या समजाची पडताळणी करण्याची वेळ कधी आली नव्हती.

आजींना रक्तदाबाचा त्रास होता आणि झोपेची गोळी त्या रोज रात्री घेत असत. त्यांची खोली तळमजल्यावर, घराच्या कोपऱ्यात होती, म्हणजे तिच्या दोन भिंती बाहेरच्या हवेला लागून होत्या. एरवी याला काही महत्त्व नव्हते.

अडचण

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, गोठणाऱ्या पावसाचा थर तारांवर साचून वीज गेली. बाहेर तापमान उणे ९ अंश सेल्सिअस होते आणि घरात २०. वीजपुरवठा कंपनीच्या ध्वनिमुद्रित संदेशात दुरुस्ती सुरू असल्याचे सांगितले गेले. वेळ दिलेली नव्हती.

पहिला निर्णय येथे झाला, आणि तो निर्णय आहे हे कोणाच्याही लक्षात आले नाही. कुटुंबाने वाट पाहिली. दोन-तीन तासांत वीज येईल असे धरून सर्वांनी स्वेटर चढवले, मेणबत्त्या लावल्या, मुलांना झोपवले आणि रात्री साडेअकराला, घरात साडेसोळा अंश असताना, प्रत्येक जण आपापल्या खोलीत झोपायला गेला. आजीही आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या आणि नेहमीची गोळी घेऊन झोपल्या.

घरातून उष्णता बाहेर जाण्याचा वेग हा आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. फरक जितका मोठा, तितकी उष्णता झपाट्याने जाते. याचा अर्थ असा की, घर सर्वाधिक वेगाने थंड होते ते वीज गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे नेमके ज्या काळात आपल्याला अजून थंडी वाजत नसते आणि काही करण्याची निकड भासत नाही तेव्हा. भिंती, फरशी, गाद्या आणि कपाटे यांत साठलेली ऊब हा त्या घराचा एकमेव साठा असतो. संध्याकाळी सातला एक खोली निवडून तिची दारे-खिडक्या बंद केली असती, तर तो साठा पाच माणसांभोवती राखता आला असता. त्याऐवजी तो साऱ्या घरातून वाहून गेला. सकाळी साडेसहाला बैठकीच्या खोलीत १२ अंश होते. आजींच्या खोलीत घड्याळ नव्हते. ती खोली त्याहून थंड होती एवढेच सुनेला पडदा उघडताना जाणवले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या निवास व आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये, थंडीच्या काळात घरातील सुरक्षित किमान तापमान म्हणून १८ अंश सेल्सिअस सुचवले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व दीर्घ आजार असलेल्यांसाठी ते अधिक असावे लागू शकते असेही म्हटले आहे. या घराने ती पातळी झोपण्याच्या आधीच ओलांडली होती.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायकोंनी प्रथमच बसून विचार केला. त्यांच्यापुढे आलेले पर्याय धोक्याच्या दृष्टीने सारखे नव्हते, म्हणून त्यांपैकी काहींवर येथे अधिक लिहिले आहे.

मुलाचा पहिला विचार कोळशाचा होता. अंगणात वापरायची शेगडी घरात होती, कोळशाची पिशवी होती, आणि निखारे धूर करत नाहीत म्हणून ते सुरक्षित असतील असे त्याला वाटले. सुनेने त्याला ठाम विरोध केला, आणि या प्रकरणातील सर्वात मोलाचा निर्णय मी तोच मानतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी अशी त्याची लक्षणे असतात. थंडीने दमलेल्या, अंधारात झोपू पाहणाऱ्या घरात ती सहज थकवा म्हणून सोडून दिली जातात. खिडकी थोडी उघडी ठेवू, हा मुलाचा युक्तिवादही टिकणारा नव्हता, कारण तेवढ्या फटीतून वायू पुरेसा निघून जाईल याची खात्री देता येत नाही, आणि जी ऊब मिळवायची तीच त्या फटीतून जाते.

शेजाऱ्यांनी त्यांचे छोटे जनरेटर देऊ केले. बाहेर बर्फमिश्रित पाऊस असल्याने ते घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, दार अर्धे उघडे ठेवून चालवावे असे सुचवले गेले. जनरेटरच्या धुरातही तोच वायू असतो, आणि गॅरेजमधून घरात येणारे दार कितीही बंद असले तरी तो आत झिरपतो. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर आणि खिडक्या-दारांच्या दिशेला धूर जाणार नाही असा ठेवावा लागतो. तेवढी लांब आणि तितका भार पेलणारी वायर कुणाकडेच नव्हती. जनरेटर थेट घरातील सॉकेटला जोडण्याची कल्पनाही निघाली. तसे केल्यास वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. जनरेटरला नकार देण्यात आला.

स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी काडीने पेटत होती. चारही बर्नर पेटते ठेवून स्वयंपाकघरातच बसावे, असा तिसरा पर्याय होता. पाणी उकळण्यापुरती शेगडी वापरणे आणि खोली तापवण्यासाठी ती तासन्‌तास पेटती ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका येतो आणि लहान मूल जवळ असताना भाजण्याचाही. कुटुंबाने मध्यम मार्ग घेतला: एकाच बर्नरवर, माणूस समोर उभा असताना, खिडकी किंचित उघडून पाणी गरम करायचे आणि लगेच गॅस बंद करायचा. हा मार्ग योग्य होता.

मेणबत्त्यांबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. एका मेणबत्तीतून मिळणारी उष्णता ही स्वस्थ बसलेल्या एका माणसाच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेहून थोडी कमीच असते. म्हणजे गोधड्या आणि चादरींनी भरलेल्या खोलीत मेणबत्तीचा धोका पत्करण्याऐवजी आणखी एक माणूस त्या खोलीत येऊन बसला, तर ऊब तेवढीच मिळते. सुनेने उजेडासाठी टॉर्च ठेवले आणि मेणबत्त्या विझवल्या.

शेवटचा पर्याय घर सोडण्याचा होता. मुलाच्या बहिणीचे घर एका तासाच्या अंतरावर होते आणि तिच्याकडे वीज होती. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. आजींनी जाण्यास स्पष्ट नकार दिला. "माझ्यासाठी एवढ्या बर्फात पोरांना घेऊन निघू नका," असे त्या म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत वीज येईल या आशेवर तो विषय बाजूला पडला. दुपार उलटली तर काय करायचे, किंवा खोली किती अंशांवर आली की निघायचे, हे मात्र ठरले नाही. रस्त्याचा धोका खरा होता, त्यामुळे सकाळी न निघणे समजण्यासारखे आहे. मर्यादा न ठरवणे तितके समजण्यासारखे नाही, कारण थंडी माणसाचा विचार करण्याचा वेगही मंद करते आणि जसजसे तास जातात तसतसा तोच निर्णय घेणे अधिक अवघड होत जाते.

प्रत्यक्ष कृती

सकाळी आठनंतर सर्वांनी एका खोलीत राहायचे ठरले. बैठकीची खोली मोठी होती आणि तिला मोठी काच होती. वरच्या मजल्यावरची हवा थोडी उबदार होती, पण आजींना जिना चढवत नव्हता. अखेर तळमजल्यावरची, स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यामध्ये असलेली, एकच भिंत बाहेर लागणारी छोटी अभ्यासाची खोली निवडली गेली. तिच्या खिडकीवर दिवसा ऊन येत होते. निवड चांगली होती.

दाराखालच्या फटीत गुंडाळलेले टॉवेल लावले गेले. खिडकीचा पडदा ऊन असेपर्यंत उघडा ठेवला गेला आणि ऊन सरताच त्यावर जाड चादर टांगली गेली. फरशीवर पुठ्ठ्याचे खोके उलगडून अंथरले आणि त्यावर गाद्या घातल्या. या पुठ्ठ्यांचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही: अंगाखालची गोधडी वजनाने दबते, तिच्यातली स्थिर हवा निघून जाते आणि ऊब धरून ठेवण्याचे तिचे काम थांबते, म्हणून अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली थर वाढवणे अनेकदा अधिक उपयोगी पडते. टेबलावर चादरी सोडून मुलांसाठी तंबू केला गेला, आणि नातू त्या तंबूत आनंदाने रमला.

कपड्यांचे थर सैल ठेवले गेले. नातवाचे खेळून घामेजलेले बनियन सुनेने वेळीच बदलले. गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दिल्या गेल्या. थंडीने बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे हे गुंडाळणे आवश्यकच असते. सर्वांना थोड्या थोड्या वेळाने खायला दिले गेले, कारण कुडकुडण्यासाठीही शरीराला इंधन लागते. फ्रिजचे दार बंद ठेवले गेले. फोन एका वेळी एकच चालू होता.

दुपारी बाराला अभ्यासाच्या खोलीत साडेतेरा अंश होते, बोळात १०. संध्याकाळी पाचला खोलीत १२ आणि बोळात ७. घराच्या इतर भागापेक्षा पाच अंश अधिक ऊब केवळ पाच माणसांच्या अंगच्या उष्णतेवर आणि बंद दारावर टिकली होती. तरुण, निरोगी माणसाला इतके पुरले असते.

आजींची प्रकृती

आजींनी सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायले नव्हते. बोळातून थंड न्हाणीघरापर्यंत वारंवार जावे लागू नये, म्हणून त्यांनी ते मुद्दाम टाळले होते आणि कुणाला सांगितले नव्हते. सकाळी त्या कुडकुडत होत्या. दुपारी तीनच्या सुमारास त्यांचे कुडकुडणे थांबले. सुनेने विचारले, "आई, थंडी वाजतेय का तुम्हाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "नाही गं, आता बरं वाटतंय. तू मुलांकडे बघ." घरातल्या सर्वांना हायसे वाटले.

खोली थंड होत असताना कुडकुडणे थांबणे हे सुधारणेचे लक्षण नसते. शरीराचे आतील तापमान घसरत गेले की उष्णता निर्माण करण्याचा हा शेवटचा प्रयत्नही शरीर सोडू लागते. वृद्धांमध्ये तो मुळातच क्षीण असतो, थंडीची जाणीव बोथट झालेली असते, आणि झोपेच्या गोळ्यांसारखी औषधे ती आणखी बोथट करतात. त्यामुळे वृद्ध माणसाला थंडी वाजते का असे विचारून मिळणाऱ्या उत्तरावर विसंबता येत नाही.

त्यानंतर तासाभराने सुनेने खात्रीसाठी काचेचा थर्मामीटर लावला. पारा ३५ च्या खुणेवरून वर सरकलाच नाही. ताप नाही, एवढाच अर्थ त्यातून काढला गेला. परंतु काचेच्या घरगुती थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ अंशांपासूनच सुरू होते, आणि शरीराचे तापमान ३५ च्या खाली जाणे हीच हायपोथर्मियाची व्याख्या आहे. त्या क्षणी ते साधन जितके सांगू शकत होते तितके त्याने सांगितले होते. ते ऐकण्याची सवय मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असते, कारण थर्मामीटर आपण ताप पाहण्यासाठीच हातात घेतो.

संकट ओळखले ते नातीने. ती आजींबरोबर पत्ते खेळत होती. साडेसहाला ती आईला म्हणाली, "आजी सारखे पत्ते पाडतेय आणि काय बोलतेय ते नीट कळत नाही." सुनेने आजींना स्वेटरचे वरचे बटण लावायला सांगितले, त्यांना ते जमले नाही. बोटांचा अडखळलेपणा, जड झालेली जीभ, उत्तर द्यायला लागणारा वेळ ही सारी चिन्हे एकत्र आल्यावर तिने नवऱ्याशी चर्चा न करता आपत्कालीन वैद्यकीय मदतीचा क्रमांक लावला.

रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात फोनवरून मिळालेल्या सूचना पाळल्या गेल्या. मुलगा आईचे पाय चोळू लागला होता. त्याला थांबवण्यात आले, कारण अशा अवस्थेत हातपाय चोळल्याने तेथील थंड रक्त छातीकडे वळू शकते आणि हृदयावर ताण येतो. ऊब प्रथम धडाला द्यायची असते. आजींना आडवे करून कानटोपी घातली, गुंडाळलेल्या गरम पिशव्या छातीवर आणि काखेत ठेवल्या, सून पांघरुणात त्यांना बिलगून बसली, आणि त्या पूर्ण शुद्धीत असून नीट गिळत आहेत हे पाहून साखर घातलेले कोमट पाणी घोट घोट दिले गेले.

परिणाम

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, वीज जाऊन पंचवीस तास झाले असताना, आजींना रुग्णालयात हलवले गेले. त्यांचे तापमान ३४.४ अंश भरले, म्हणजे हायपोथर्मिया सौम्य टप्प्यात होता. शरीरातील पाणीही कमी झाले होते. हळूहळू ऊब आणि शिरेतून द्रव देऊन त्या दुसऱ्या दिवशी सावरल्या, आणि नंतर मुलीकडे गेल्या. त्यांच्या प्रकृतीवर कायमचा परिणाम झालेला नाही.

सून आणि मुले त्याच रात्री मुलाच्या बहिणीकडे गेली. तोपर्यंत रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले गेले होते. निघण्यापूर्वी मुलाने पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सर्व नळ उघडले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. बाहेरच्या भिंतीतला एक पाइप तरीही चिरला, पण व्हॉल्व्ह बंद असल्याने घरात पाणी पसरले नाही. त्याने घरातील विजेची उपकरणेही एकेक करून बंद केली. पहिल्या संध्याकाळी चालू अवस्थेतच राहिलेला एक विजेचा हीटर तेव्हा त्याला सापडला, आणि त्यावर दिवसभरात एक रजई टाकली गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला वीज परत आली तेव्हा घरात कोणी नव्हते.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आलेल्या शीतलाटेत आणि वीजसंकटात राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यूंची नोंद केली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू अतिथंडीमुळे झाले आणि १९ कार्बन मोनॉक्साइडमुळे. या कुटुंबाने दुसरा धोका पूर्णपणे टाळला आणि पहिल्याच्या अगदी जवळ जाऊन ते परतले. हे दोन्ही धोके परस्परांना जोडलेले आहेत: थंडी असह्य झाली की माणूस कोळशाकडे वळतो, आणि थंडी असह्य होण्याआधी ज्याने खोली आवरली त्याला तो मोह कमी होतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठा फरक पहिल्या तासाने पडला असता. बॉयलर बंद पडल्याचे कळताच, वीज लवकर येईल की नाही याचा विचार न करता, एक खोली निवडून दारे लावायला हवी होती. वीज लवकर आली असती तर वाया गेली असती ती वीस मिनिटांची मेहनत. ती न आल्याने एका वृद्ध बाईने झोपेची गोळी घेऊन घरातल्या सर्वात थंड खोलीत रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशीच्या घसरणीची सुरुवात बहुधा तेथेच झाली. अशा रात्री ती गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना हिवाळा सुरू होण्याआधीच विचारून ठेवता आले असते.

दुसरी गोष्ट आजींच्या उत्तरांवर ठेवलेल्या भरवशाची. घरातील माणसे त्यांची मनापासून काळजी घेत होती, आणि तरीही साडेतीन तास चिन्हे दिसत असून वाचली गेली नाहीत. कसे वाटते हे विचारण्यापेक्षा दर तासाला बटण लावायला सांगणे, पोटावर हात ठेवून तेथील कातडी थंड आहे का पाहणे, पाणी किती प्यायले हे मोजणे अधिक खरे उत्तर देते. न्हाणीघरापर्यंतच्या थंड चालीवर उपाय म्हणून खोलीतच, पडद्याआड एक भांडे ठेवता आले असते. हा संकोचाचा विषय असल्याने तो कुणी काढला नाही. अशा संकोचापायी वृद्ध माणसे पाणी सोडतात, हे ठाऊक असते तर सुनेने तो नक्की काढला असता.

घर सोडण्याची मर्यादा आता कुटुंबाने लिहून स्वयंपाकघरात लावली आहे, आणि कमी तापमानही दाखवणारा थर्मामीटर तेथेच ठेवला आहे. आकडा ठरवताना मुलाने बंद खोलीसाठी १२ अंश सुचवले होते. आजींनी तो वाढवून १५ करायला लावला. त्या दिवशी दुपारी आपल्याला खरोखरच बरे वाटत होते, त्यामुळे पुन्हा तशी वेळ आल्यास आपल्याला न विचारता निघायचे, असे त्यांनी मुलाला आणि सुनेला बजावून सांगितले आहे.